मिर्राचे माहेर कोणते?
एका मुलीच्या वंशाचा शोध आणि आपली घराणी

नोव्हेंबर हा आपल्या मृतांच्या स्मरणाचा महिना. मिस्सासाठी नावे देताना आपण चिठ्ठीवर आजोबांचे, पणजोबांचे नाव लिहितो. आजीचेही लिहितो. पण पणजीचे नाव काय? आईच्या आईच्या आईचे नाव काय? इथे आपल्यापैकी बहुतेकांचा हात थांबतो. नाव आठवलेच तरी तिचे माहेरचे आडनाव, तिचे गाव, तिचा बाप्तिस्मा कोणत्या चर्चमध्ये झाला, हे सांगता येत नाही. पुरुषांची साखळी आडनावाच्या आधाराने थोडी तरी मागे जाते. बायकांची साखळी दोन पिढ्यांतच तुटते.

आपल्या उल्हासनगरात तर ही अडचण दुप्पट आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इथे लष्कराची कल्याण छावणी होती. १९४७ च्या फाळणीनंतर त्या बराकींत सिंधी निर्वासित बांधवांना आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वस्तीचे नाव उल्हासनगर झाले. 'कॅम्प ४' हा आपला पत्ता त्या छावणीचीच खूण आहे. आजूबाजूच्या जुन्या गावांतले लोक सोडले, तर इथे राहणारे बहुतेक सगळे कुठून तरी आलेले. कोणी नगर जिल्ह्यातून, कोणी वसईहून, कोणी गोव्याहून, मंगळूरहून, तर कोणी केरळ आणि तामिळनाडूतून. कामधंद्यासाठी आलो, बिऱ्हाड थाटले, मुले इथेच वाढली. गावाकडची म्हातारी माणसे एकेक करून गेली आणि त्यांच्याबरोबर नावेही गेली.

म्हणून या पाठात आपण वंशशोध हा विषय घेतला आहे. त्यासाठी आधी सुमारे चारशे वर्षांपूर्वीच्या एका मुलीची हकीकत पाहू. ही मुलगी हिंदुस्थानातली. तिचे आयुष्य गेले अमेरिकेत. तिचे आईबाप कोण होते, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. तो का सुटला नाही हे समजले, तर आपल्या घराण्याचा शोध कसा घ्यावा हेही समजेल.

१. हिंदुस्थानातून मेक्सिकोला

तिचे मूळ नाव मिर्रा, असे तिच्या चरित्रकारांनी लिहिले आहे. जन्म सतराव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. लहानपणीच समुद्रकिनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी तिला पळवले आणि कोचीला नेले. तिथे येशूसंघीय धर्मगुरूंनी तिला बाप्तिस्मा दिला आणि तिचे नाव झाले कातारिना दे सान हुआन, म्हणजे संत योहानाची कॅथरिन. पुढे तिला फिलिपाईन्समधील मनिलाच्या बाजारात विकण्यात आले. मनिलाहून दरवर्षी मोठी गलबते पॅसिफिक महासागर ओलांडून मेक्सिकोतील आकापुल्को बंदराला जात. १५६५ पासून १८१५ पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे हा व्यापार चालला. त्यात रेशीम, मसाले, चिनी मातीची भांडी जात, तशी माणसेही जात. १६२० च्या सुमारास अशाच एका गलबतातून ही मुलगी अमेरिकेला पोचली. तेव्हा ती जेमतेम बारा-चौदा वर्षांची असेल.

पुएब्ला नावाच्या शहरात मिगेल दे सोसा आणि त्याची पत्नी मार्गारिता दे चावेस या निपुत्रिक दांपत्याने तिला दासी म्हणून ठेवून घेतले. सोसा वारल्यावर तिची गुलामगिरीतून सुटका झाली. नंतर तिचे लग्न दोमिंगो नावाच्या एका आशियाई दासाशी लावण्यात आले. आयुष्याचा पुढचा भाग तिने येशूसंघीयांच्या चर्चजवळच्या एका लहानशा खोलीत प्रार्थना आणि कष्ट करण्यात घालवला. शिवणकाम करावे, स्वयंपाक करावा, मिळेल ते गरिबांना द्यावे. ५ जानेवारी १६८८ रोजी ती वारली, तेव्हा वय ऐंशीच्या आसपास होते. तिच्या अंत्यविधीला शहर लोटले. एके काळी बाजारात विकल्या गेलेल्या मुलीला लोकांनी संत म्हणून निरोप दिला.

ख्रिस्तसभेने मात्र तिला कधी संत म्हणून जाहीर केलेले नाही. उलट लोक तिची चित्रे घरात लावून पूजू लागले, तेव्हा इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाने १६९१ साली त्या चित्रांवर बंदी घातली. फादर आलोन्सो रामोस यांनी तीन भागांत लिहिलेले तिचे मोठे चरित्रही पुढे १६९६ साली मेक्सिकोत बंद करण्यात आले.

२. तीन साक्षी की एकच?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मिर्रा कोणाची कोण?

तिच्याविषयी त्या काळात तीन जणांनी छापील मजकूर मागे ठेवला. येशूसंघीय फादर फ्रान्सिस्को दे आगिलेरा यांचे अंत्यविधीचे प्रवचन १६८८ चे. फादर रामोस यांचे चरित्र १६८९, १६९० आणि १६९२ मधले. धर्मगुरू होसे देल कास्तियो ग्राहेदा यांचे छोटे चरित्रही १६९२ चेच. यांतून सांगितले गेले की ती मोगलांच्या राज्यातली आणि थोर घराण्यातली; तिचे रक्ताचे नाते थेट राजघराण्याशी. एवढे वाचून पुढे 'हिंदुस्थानची राजकन्या' अशी तिची ख्याती झाली.

तीन पुस्तके एकच गोष्ट सांगतात म्हणजे ती खरी, असे आपल्याला सहज वाटेल. पण थोडे थांबून चार साधे प्रश्न विचारू.

पहिला प्रश्न, हे कधी लिहिले गेले? ती मेल्यानंतर. म्हणजे तिला पळवले त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. दुसरा प्रश्न, सांगणारा कोण? स्वतः तीच. लहानपणी आईबापांपासून तुटलेली, परक्या भाषेत मोडके बोलणारी एक म्हातारी आपल्या पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूला जे सांगेल ते. लहान वयात घर सुटल्यामुळे आपला जन्म नेमका कुठे झाला हे तिला माहीत नव्हते, असे कास्तियो ग्राहेदाच सांगतात. तिसरा प्रश्न, हे तिघे स्वतंत्र साक्षीदार आहेत का? नाहीत. तिघेही एकाच शहरातले, एकाच वर्तुळातले. एकाच विहिरीतून तीन घागरी भरल्या, तर पाणी तीन ठिकाणचे होत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. असे लिहिण्याचे कारण काय? त्या काळी संतांची चरित्रे लिहिण्याची एक ठरलेली पद्धत होती. संत व्यक्ती थोर कुळातली दाखवायची, मग तिने वैभव सोडले म्हणून तिची नम्रता मोठी. एक विकलेली दासी केवळ तिच्या जीवनामुळे आदरास पात्र आहे, हे उमरावांच्या त्या समाजाला पटवणे कठीण होते. राजवंश जोडला की काम सोपे झाले.

मग खात्रीचे काय उरते? उरते ते असे. 'मोगोर' म्हणजे मोगलांचा मुलूख. पोर्तुगीजांच्या बोलण्यात हा शब्द फार मोठ्या प्रदेशासाठी येई. गुजरात अकबराने १५७३ साली जिंकले होते, त्यामुळे सुरतेचा किनाराही त्यातच आला आणि पूर्वेकडील बंगालही. पोर्तुगीजांकडे वसई १५३४ पासून, दीव १५३५ पासून आणि दमण १५५९ पासून होते. गुजरातच्या किनाऱ्यावरून कोचीला जाणारे जहाज आपल्या कोकणच्या समोरूनच जाणार. मिर्रा पश्चिम किनाऱ्यावरची असेल तर तिने शेवटचा पाहिलेला मायदेश कदाचित हाच. पण 'कदाचित' हा शब्द पुसता येत नाही. मिर्रा आणि मीरा ही नावे कानाला सारखी लागतात, म्हणून ती अमुक जातीची, अमुक धर्माची, असे ठरवणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय.

आणखी एक घोटाळा पाहा. मनिलाहून आलेल्या सर्व आशियाई दासांना मेक्सिकोत 'चिनो' किंवा 'चिना' म्हणत, मग तो माणूस मलबारचा असो, बंगालचा असो की जावाचा. त्यामुळे कातारिनाही 'चिना' ठरली. पुढे मेक्सिकोत 'चिना पोब्लाना', म्हणजे पुएब्लाची चिना, या नावाचा रंगीत घागरा-पोलक्याचा वेष लोकप्रिय झाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक म्हणू लागले की तो वेष याच राजकन्येने आणला. साधे काळे कपडे घालणारी तपस्विनी आणि भरजरी घागरा यांचा संबंध केवळ नावाच्या सारखेपणाने जुळवला गेला. १६७२ साली स्पेनच्या राजसत्तेने या 'चिनो' लोकांना गुलाम करणे बेकायदा ठरवले. तोपर्यंत त्यांतल्या असंख्यांची खरी गावे आणि खरी नावे पुसली गेली होती. तातियाना सेइहास या इतिहासकार बाईंनी २०१४ साली या लोकांवर एक पुस्तक लिहिले आहे. एका कातारिनामागे अशा किती निनावी मुली होत्या, याची कल्पना त्यावरून येते.

३. त्याच शतकातल्या दुसऱ्या मुली

त्याच अमेरिका खंडात, त्याच शतकात उत्तरेकडे कॅनडात फ्रेंच वसाहत होती. तिथे पुरुष जास्त, बायका कमी. म्हणून १६६३ ते १६७३ या काळात फ्रान्सच्या राजाने सुमारे पावणेआठशे मुली लग्नासाठी तिकडे पाठवल्या. बऱ्याचशा पोरक्या, गरीब घरच्या. यांना 'राजाच्या मुली' म्हणत. राजाशी त्यांचे नाते काहीच नव्हते. जाण्याचा खर्च त्याने केला एवढेच. या मुलींचे वंशज आज लाखोंनी आहेत, आणि आपली दहावी-अकरावी आजी फ्रान्सच्या कोणत्या गावची हे त्यांतले पुष्कळ जण सांगू शकतात.

हे कसे शक्य झाले? कारण लग्नाच्या वेळी धर्मगुरूने वहीत किंवा करार लिहिणाऱ्याने कागदावर एक ओळ लिहिली: मुलीचे नाव, बापाचे नाव, आईचे नाव, मूळ धर्मग्राम. आणि तिकडच्या वह्यांत बाई लग्नानंतरही माहेरच्याच आडनावाने नोंदली जात असे. मुलाच्या बाप्तिस्म्यात, मुलीच्या लग्नात, शेवटी तिच्या दफनाच्या नोंदीतही तेच नाव. धागा तुटला नाही. कॅनडातील सिप्रियें तांगे नावाच्या धर्मगुरूंनी या वह्या चाळून १८७१ ते १८९० या काळात सात खंडांचा वंशकोश प्रसिद्ध केला. वहीतून गेलेली नोंद पुन्हा उभी करण्याचेही त्या लोकांना महत्त्व होते. १६४० साली क्वेबेकचे चर्च जळाले आणि वह्याही जळाल्या. तेव्हा लोकांच्या आठवणीतून त्या पुन्हा लिहून काढण्यात आल्या.

संत कातेरी तेकाक्विथा हिचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २१ ऑक्टोबर २०१२ रोजी तिला संतपद दिले. ती १६५६ साली आज न्यूयॉर्क राज्यात असलेल्या भागात जन्मली. वडील मोहॉक जमातीचे. आई अल्गोंक्विन जमातीची ख्रिस्ती स्त्री, लढाईत पकडून आणलेली. मोहॉक लोकांत कूळ आईवरून चालते. देवीच्या साथीत आईबाप आणि भाऊ गेले. १६७६ साली, पुनरुत्थानाच्या सणाला तिचा बाप्तिस्मा झाला आणि १७ एप्रिल १६८० रोजी, चोविसाव्या वर्षी ती वारली. तिची आई कैदी होती, ही गोष्ट तिच्या चरित्रकारांनी झाकून ठेवली नाही. त्यामुळे तिचे संतपण कुठे कमी झाले?

एकाच शतकातली ही तीन चित्रे. एका ठिकाणी एका ओळीच्या नोंदीने वंश टिकला. दुसऱ्या ठिकाणी साध्या खऱ्या आठवणीने टिकला. तिसऱ्या ठिकाणी नोंद नव्हती आणि त्या रिकाम्या जागी राजवाडा बांधला गेला.

४. आपल्या चर्चच्या वह्या काय सांगतात

ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची आणि बाप्तिस्म्यांची वही ठेवण्याचा नियम केला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात बाप्तिस्मा, दृढीकरण, विवाह, मृत्यू आणि धर्मग्रामातील कुटुंबांची यादी अशा पाच वह्यांचे नमुने आले. आजच्या, म्हणजे १९८३ च्या धर्मसभेच्या कायद्यातही बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू या वह्या सक्तीच्या आहेत.

यात बायकांच्या शोधासाठी सर्वांत उपयोगी जागा म्हणजे बाप्तिस्म्याच्या वहीचा समास. १९०८ साली अमलात आलेल्या नियमाप्रमाणे कोणाचेही लग्न कुठेही झाले, तरी त्याची बातमी बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायची आणि तिथे नावापुढे समासात टिपायची. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यात बाप्तिस्मा झालेली मुलगी लग्न होऊन मुंबईला गेली, तर तिच्या गावच्या वहीत तिच्या नावाच्या बाजूला नवऱ्याचे नाव, चर्च आणि तारीख सापडण्याची शक्यता असते. आडनाव बदलले की बाई कागदोपत्री हरवते. हा समास तिला शोधून देतो.

आपल्याकडे काही घरांत लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची रीत होती. बाप्तिस्म्याचे नाव मात्र वहीत तेच राहते. घरात 'काकू' आणि शेजारी 'जॉनची आई' म्हणून ऐंशी वर्षे काढलेल्या बाईचे स्वतःचे नाव कधी कधी त्या एका ओळीतच शिल्लक असते.

५. शोध कसा घ्यावा

(अ) घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपासून सुरुवात करा. तिला विचारा: तुझे माहेरचे आडनाव काय? तुझ्या आईचे माहेर कुठले? बाप्तिस्म्याला धर्ममाता कोण होती? गावच्या चर्चचा सण कोणत्या संताचा? उत्तरे वहीत लिहा. कोणी सांगितले आणि कोणत्या तारखेला, हेही लिहा. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

(आ) घरातले कागद बाहेर काढा. बाप्तिस्म्याचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, जुने रेशन कार्ड, रेल्वेतील किंवा अंबरनाथच्या आयुध कारखान्यातील नोकरीचे कागद, प्रार्थनापुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलेल्या तारखा, फोटोच्या मागचा मजकूर, कबरीवरची अक्षरे. प्रत्येक कागदातून एकच गोष्ट मिळाली तरी पुरे.

(इ) मग मूळ गावच्या चर्चला पत्र लिहा. नाव, आईबापाचे नाव आणि अंदाजे साल द्या. वह्या चाळायला मिळाव्यात असा हट्ट धरू नका. त्यांत दुसऱ्यांच्याही खासगी गोष्टी असतात. फादरांना सवड मिळाली की ते शोधून दाखला देतात. जुन्या नोंदी लॅटिन किंवा पोर्तुगीज भाषेत असतात, पण शब्द थोडेच असतात. लॅटिनमध्ये 'फिलिया' म्हणजे मुलगी, 'नाता' म्हणजे जन्मलेली, 'पात्रिनी' म्हणजे धर्ममातापिता. पोर्तुगीजमध्ये धर्ममातेला 'मादृन्या' म्हणतात. धर्ममाता बहुधा नात्यातली असल्यामुळे तिचे नाव नवा धागा देते.

(ई) सरकारी कागद विसरू नका. गावच्या तलाठी दप्तरातील व तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, ज्याला जुने लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म आणि मृत्यू नोंदलेले असतात. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधाच्या वेळी या वहीचे नाव घरोघर पोचले. जमिनीच्या फेरफार नोंदीही पाहा. बाप वारला की वारस म्हणून मुलींची नावे तिथे लागतात. दुर्दैवाची गोष्ट अशी की पुष्कळ घरांत मुलीचे नाव कागदावर येते ते तिने हक्कसोडपत्र करून दिले म्हणूनच. भावासाठी तिने जमीन सोडली, आणि त्यामुळेच आज आपल्याला तिचे नाव कळते!

(उ) आडनावावर विसंबू नका. डिसोजा, परेरा, लोपीस, फर्नांडिस ही आडनावे बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली आहेत. आडनाव एक म्हणून रक्त एक नव्हे. उलट नगरकडच्या आपल्या बांधवांनी साळवे, गायकवाड, पंडित अशी मूळचीच आडनावे ठेवली, तीही गावोगाव आहेत. गोव्याच्या गावकारी यादीत वांगडांची नावे पिढ्यान् पिढ्या मिळतात, पण ती पुरुषांची. वसई १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकली तेव्हाच्या धामधुमीत तिकडची पुष्कळ चर्चे ओस पडली, त्यामुळे त्यामागे जाणे फार अवघड. 'ईस्ट इंडियन' हे नावही जुने नाही. ते १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात घेतलेले आहे.

(ऊ) एक गोष्ट दोन वेगवेगळ्या ठिकाणी मिळाल्याशिवाय पक्की मानू नका. आजी आणि मामा दोघेही सांगतात, पण दोघांनी पणजोबांकडूनच ऐकले असेल, तर ती साक्ष एकच. मिर्राच्या तीन पुस्तकांचे लक्षात ठेवा.

६. सापडेल ते स्वीकारताना

शोध घेताना घरात एक दबकी भीती असते. काय निघेल कोण जाणे! एखाद्या नोंदीत बापाचे नावच नसेल. एखादी पणजी १८७६-७८ किंवा १८९९-१९०० च्या दुष्काळात अनाथ झालेली, मिशनच्या आश्रयाने वाढलेली असेल. तिच्या आईबापांच्या जागी कोरी ओळ असेल. एखाद्या घराण्याची जात अशी निघेल की जी सांगताना आजही आवाज खाली येतो.

याच भीतीपोटी आपणही मिर्राच्या चरित्रकारांसारखे वागतो. "आम्ही मूळचे अमुक उच्च जातीचे," हे वाक्य आपल्या समाजात अजून ऐकू येते. लग्न जुळवताना तर हमखास. एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेणारी माणसे मुलीचे स्थळ पाहताना मात्र हजार वर्षांपूर्वीचा कागद मागतात, आणि तो कोणाकडेच नसतो. जे सिद्ध करता येत नाही ते सांगून आपण मुलींची लग्ने अडवतो. ज्या पणजीने दुष्काळातून जीव वाचवून आपल्याला जन्म दिला, तिला लपवतो आणि जी कधी नव्हतीच त्या राजकन्येला पुढे करतो. हा त्या पणजीवर अन्याय आहे.

मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशूची वंशावळ आहे. नावांची लांबलचक यादी म्हणून आपण ती ऐकताना कंटाळतो. पण त्या पुरुषांच्या यादीत मरियेआधी चार बायका आल्या आहेत. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको. त्यांत परकीय आहेत, एक वेश्या आहे, आणि ज्यांच्या कथा चारचौघांत सांगताना संकोच वाटावा अशाही आहेत. शुभवर्तमानकाराला ही नावे गाळता आली असती. त्याने ती गाळली नाहीत. रूथ मवाबी होती, हे कोणी झाकले नाही. आपल्या घरच्या वंशावळीला यापेक्षा मोठा नमुना कोणता हवा?

कातारिनाच्या बाबतीतही तेच म्हणता येईल. पुएब्लाच्या गरीब लोकांना ती आवडली, ती तिच्या दारात गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नसे म्हणून. तिच्या बापाचा राजवाडा त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. तिचे खरे आईबाप कोणीतरी साधी माणसे असतील, आणि किनाऱ्यावर आपली मुलगी शोधत ती किती दिवस फिरली असतील! राजकन्येच्या कथेत सर्वांत जास्त हरवले ते हे दोघे.

७. या महिन्यात करण्यासारखे

आता काळ थोडा अनुकूल झाला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०२४ सालच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावानंतर आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि नंतर आडनाव लिहायचे आहे. पुढच्या पिढ्यांना शोध सोपा जाईल. मागच्या पिढ्यांचे काम मात्र आपल्यालाच करायचे आहे.

प्रत्येक कुटुंबाने एक साधी वही घ्यावी. डाव्या पानावर वडिलांकडची माणसे, उजव्या पानावर आईकडची. प्रत्येक बाईच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव आणि गाव लिहावे. खात्रीचे शाईने, ऐकीव असेल ते पेन्सिलीने. जिथे काहीच कळत नाही तिथे जागा कोरी ठेवावी. कोऱ्या जागेची लाज वाटू देऊ नये. खोटे भरण्यापेक्षा कोरे बरे. ही वही घरातल्या मुलीच्या हाती सोपवावी, कारण उद्या सासरी जाताना तिचेच नाव हरवण्याचा धोका जास्त.

कुटुंबात चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या चारही पणज्यांची नावे आपल्याला सांगता येतात का? किती जणींची माहेरची आडनावे माहीत आहेत?

२. आपल्या घराण्याविषयी सांगितली जाणारी कोणती गोष्ट आपण कधीच तपासून पाहिलेली नाही? ती पहिल्यांदा कोणी सांगितली?

३. मुलामुलींची स्थळे पाहताना आपण कुळाविषयी काय विचारतो? ते विचारण्याचे कारण आपण आपल्या मुलांना समोर बसवून सांगू शकू का?

४. घरातील कोणत्या मृत स्त्रीचे नाव आपण आजवर मिस्साच्या चिठ्ठीवर कधीच लिहिलेले नाही? तिचे नाव शोधून या महिना संपण्याआधी देता येईल का?